'या' युक्त्या वापरा आणि बसल्याजागी बँका बंद पाडा!

बातम्यांच्या पोर्टलवर नोकरी लागली? अभिनंदन. घरी 'पत्रकार झालो' म्हणून पेढे वाटले असतील तर वाटू द्या, आईवडिलांना एवढ्यात दुखवू नका. बातमी देणं हे तुमचं काम नाही. ती कुठे दडवायची, हे तुमचं काम. शिकायला आठवडा पुरतो.

1. नाव घेऊ नका. 'धाराशिवमध्ये मुसळधार पाऊस' असं लिहिलंत तर सांगलीचा माणूस बातमी उघडेल कशाला? "'या' जिल्ह्यासाठी पुढचे 24 तास धोक्याचे" असं लिहा, की राज्याचे 36 च्या 36 जिल्हे तुमच्या दारात. 'या'भोवतीची अवतरणचिन्हं मात्र विसरायची नाहीत. 'ती' अभिनेत्री, 'ते' वक्तव्य, 'त्या' रात्री. इथे सर्वनामावरच पगार निघतो.

2. बँका बंद पाडा. हे दर महिनाअखेरीचं हुकमी पीक, म्हणून जरा सविस्तर. रिझर्व्ह बँकेची सुट्ट्यांची यादी राज्यागणिक वेगळी असते. आपण तसला भेदभाव करायचा नाही. त्रिपुरातली खर्ची पूजा, सिक्कीममधला लोसूंग, सगळं एका टोपलीत टाका. रत्नागिरीच्या खातेदाराचा खर्ची पूजेशी काडीचा संबंध नाही, पण राष्ट्रीय एकात्मता म्हणून काही आहे की नाही? त्यात सगळे रविवार मिळवा. रविवारी बँक बंद असते हे वाचकाला माहीत असतं, पण तुम्ही त्याला ते माहीत नसल्यासारखं वागवा. दुसरा आणि चौथा शनिवार सप्टेंबर 2015 पासून सुट्टीचाच आहे, तरी दर महिन्याला नव्याने दचका. मग मथळा ठोका: "पुढच्या महिन्यात तब्बल 14 दिवस बँका बंद, आजच उरका कामं!" 'तब्बल' लावल्याशिवाय आकडा छापायचा नसतो. एखादे आजोबा भर उन्हात पासबुक घेऊन धावतील. वाईट वाटतं हो. पण त्यांनी बातमी दोनदा उघडली होती, हेही लक्षात घ्या. आपल्या गावात प्रत्यक्षात दोनच जादा सुट्ट्या आहेत आणि एटीएम, यूपीआय चालूच राहणार आहे, हे शेवटच्या ओळीत घाला. तिथवर कोणी पोचत नाही.

3. सोनं शंभर ग्रॅमने मोजा. ग्रॅममागे 50 रुपये उतरले, यात कसली बातमी? शंभर ग्रॅमला 5,000 रुपये, आणि झालं: "सोनं गडगडलं, सराफांकडे झुंबड!" एका वेळी शंभर ग्रॅम सोनं घेणारं गिऱ्हाईक तुमचं पोर्टल कशाला वाचत बसेल, हा विचार मनात आणू नका. उद्या 60 रुपये चढले की 'भडका' म्हणा.

4. नेटकरी पाळा. 'नेटकरी संतापले' लिहायला तीन प्रतिक्रिया लागतात. त्यातली एक 'शुभ सकाळ ताई' असली तरी चालते.

5. भाकितं मृतांकडून घ्या. बल्गेरियाच्या बाबा वेंगा 1996 मध्ये वारल्या, त्यामुळे खुलासा पाठवत नाहीत. जिवंत ज्योतिषी दुपारपर्यंत फोन करतो.

6. मजकूर ताणा. समजा मथळा आहे, "लाडक्या बहिणींचा हप्ता कधी? मोठी अपडेट समोर". पहिल्या परिच्छेदात सांगा की योजना 2024 मध्ये सुरू झाली. दुसऱ्यात, महिन्याला 1,500 रुपये मिळतात. तिसऱ्यात, वय 21 ते 65. जी बाई हप्त्याची वाट बघतेय तिला हे तोंडपाठ आहे, म्हणूनच पुन्हा सांगायचं. ओळखीचं वाचताना माणूस खाली सरकत राहतो आणि वाटेत चार जाहिराती लागतात. तळाशी 'याबाबत अद्याप अधिकृत घोषणा झालेली नाही' असं लिहा. ही झाली मोठी अपडेट. मथळ्यातलं प्रश्नचिन्ह मात्र जपा. इयन बेटरिज नावाच्या ब्रिटिश पत्रकाराने 2009 मध्ये सांगून ठेवलंय, की प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या मथळ्याचं उत्तर 'नाही' असं देता येतं. त्याला ती तक्रार वाटली. आपण ती कार्यपद्धती म्हणून स्वीकारली आहे.

7. बिंग फुटलं तर घाबरू नका, आनंद माना. 2016 मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप असल्याची आवई उठली. आवई एक, पण बातम्या दोन झाल्या: चिप आहे, आणि चिप नाही. तेव्हा तुमच्या बँकवाल्या बातमीवर कोणी बोंब मारली, तर मूळ बातमी मुळीच काढू नका. तिच्याखालीच नवी लावा: "14 दिवस बँका बंद? व्हायरल दाव्यामागचं 'हे' सत्य वाचाच!" फोटो तोच ठेवा, लाल बाण तेवढा उलटा फिरवा.