उदयपूरला वेढा कसा घालावा

१७६९ साली महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. तंटा मेवाडच्या गादीचा होता. राणा अरिसिंहांविरुद्ध उभ्या राहिलेल्या रतनसिंहाची बाजू आपल्या फौजेने घेतली होती. शहरात अमरचंद बडवा नावाचा खमका प्रधान होता. त्याने तटबंदी लढवली, शेवटी पैशांवर तडजोड झाली आणि वेढा उठला. एवढी फौज नेऊन राजवाडा पाहायचा राहिलाच. तीच मोहीम आज आपण दिवाळीच्या सुट्टीत, वातानुकूलित बसमधून, दोन रात्री तीन दिवसांत फत्ते करतो. नवख्यांसाठी तिची रीत पुढे देत आहे.

आधी रसद. चिवडा, चकल्या आणि लसणाची चटणी घरून न्यावी. दाल-बाटी एकदा खावी. गटात कुणी खानदेशी असल्यास तो ‘आमची वरण-बट्टी’ या विषयावर बोलेल. ते ऐकून घ्यावे, कारण त्याचे म्हणणे बरोबर असते.

सिटी पॅलेसमध्ये शिरताना इतिहासप्रेमी काकांना पुढे ठेवावे. असे काका प्रत्येक गटात एक मिळतात. शिवराज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचे कुळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडले गेले, हे त्यांना पाठ असते. त्यामुळे ते तिकीट काढूनही राजवाड्यात भाऊबंदासारखे वावरतात आणि गाईडच्या प्रत्येक वाक्यात दुरुस्ती सुचवतात. गाईडने ‘महाराणा प्रताप’ म्हणताच त्यांनी ‘हळदीघाटी, १५७६’ म्हणावे. गाईडला हे आधीच ठाऊक असते, पण तो कौतुकाने मान हलवतो. त्याला संध्याकाळी आपल्याला दुकानात न्यायचे असते.

आतल्या वाटा अरुंद आहेत आणि दारे ठेंगणी. शत्रूला एकेकट्याने, वाकूनच आत यावे लागावे म्हणून, असे सांगतात. ही योजना अजून चोख चालते. चाळीस जणांचा गट पहिल्याच वळणावर अडकतो आणि मागून कुणीतरी विचारते, ‘पुढे काय आहे?’ पुढे बडी महाल आहे. चार जिने चढून दमल्यावर समोर एकदम मोठमोठी झाडे दिसतात. काका ‘टेरेस गार्डन’ असा निकाल देतात. खरे तर ती डोंगराच्या माथ्यावरची जमीन आहे. राजवाडाच तिच्या भोवतीने वर चढत गेला. उदयपुरात एकच जागा पाहायची असेल तर ही पाहावी, असे माझे मत आहे. नियमानुसार इथे पाच मिनिटे मिळतात, त्यातली तीन चपला नीट करण्यात जातात.

पिछोला तलाव चौदाव्या शतकातला. एका बंजाऱ्याने बांधला म्हणतात. त्याच्या काठी ‘रंकाळा’ हा शब्द उच्चारायची कोल्हापूरकरांना मुभा आहे, मात्र एकदाच. ठाणेकरांनी तलावपाळीचे नाव काढू नये. तलावाच्या मधोमध जगनिवास हा अठराव्या शतकातला पांढरा महाल आहे. तिथे आता हॉटेल आहे आणि उतरलेल्या पाहुण्यांखेरीज कुणाला आत घेत नाहीत. म्हणून बोटीतूनच त्याला प्रदक्षिणा घालावी आणि नावाड्याला विचारावे, ‘एका रात्रीचे किती घेतात?’ आकडा ऐकल्यावर क्षणभर गप्प राहून ‘भिंतींना ओल येत असेल’ असे म्हणावे. मनाला फार आराम पडतो. पलीकडच्या जगमंदिरात बापाविरुद्ध बंड करून आलेल्या खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, आसरा मिळाला होता. आपल्याला परतीच्या बोटीपुरताच मिळतो.

सहेलियों की बाडी उरकून घ्यावी. गाईडने टाळी वाजवली की कारंजे उडते. टाळी गाईडची आणि चावी माळ्याची. सज्जनगढ हा १८८४ च्या सुमाराचा डोंगरमाथ्यावरचा महाल पावसाळी ढग पाहण्यासाठी आहे. आपण तिथे दिवाळीत जातो, त्यामुळे ‘ढग कुठे आहेत?’ ही तक्रार टूर मॅनेजरकडे नोंदवावी. जगदीश मंदिराच्या पायऱ्यांपाशी ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालूनच हात जोडावेत आणि वरून आलेल्यांना ‘काय होते वर?’ विचारावे.

मोहिमेचा खरा दिवस खरेदीचा. बांधणी, कठपुतळ्या, हत्ती-घोड्यांची लघुचित्रे. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर यावे, उठावे, दारापर्यंत जावे. दुकानदार परत बोलावतो. आपण जिंकल्याच्या आनंदात एकाऐवजी चार घेतो. हे गणित मी बराच काळ तपासले आहे. १७६९ च्या तडजोडीत जे पैसे दक्षिणेकडे निघाले, ते दर दिवाळीला हप्त्याहप्त्याने मेवाडात परत जमा होत आहेत. पावती मागू नये.

शेवटच्या संध्याकाळी गणगौर घाटावरच्या बागोर की हवेलीत लोकनृत्यांचा कार्यक्रम असतो. डोक्यावर एकावर एक मडकी रचून बाई नाचते. ती मडकी काकासुद्धा गुपचूप मोजतात. तिकिटाची रांग लांब असते, लवकर जावे. रांगेत उभे असताना वर मान करून वास्तू नीट पाहावी. ही हवेली बांधली त्याच अमरचंद बडव्याने. आज तिच्यात पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय आहे आणि महाराष्ट्र त्या केंद्राचा सभासद आहे.