लाईट आहे तोवर

लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. सोनी कंपनीने ही जात १९९१ मध्ये बाजारात आणली आणि २०१९ मध्ये तिच्या तीन जनकांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सातारा-सांगली पट्ट्यात ती कशी चार्ज करायची, हे मात्र त्या तिघांना न विचारता भारनियमनाने ठरवून टाकले.

सातारा जिल्ह्यात १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प आहे. तरीही २००५ नंतरची काही वर्षे आसपासच्या गावांनी रोजचे कित्येक तास विजेविना काढले. तेव्हा घरोघरी एक नियम रुजला: लाईट आहे तोवर भरून घ्या. आधी पाण्याची टाकी, मग इन्व्हर्टर, मग मोबाइल आणि पुढे लॅपटॉप. त्यामुळे शंभर टक्के झाल्यावर चार्जर काढणे हा इथे आजही फाजील आत्मविश्वास समजला जातो.

बॅटरीचे मत नेमके उलटे असते. पूर्ण भरली की तिच्या प्रत्येक सेलचा दाब साधारण ४.२ व्होल्टवर जातो. त्यात उष्णतेची भर पडली की आतली रसायने लवकर थकतात. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सुखात असते. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशीवर थांबवण्याची सोयही असते. फक्त ती चालू केली की घरातले थोरले चार्जर बिघडल्याचे जाहीर करतात.

वापरणाऱ्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला अखंडवादी: याचा चार्जर दिवाळीच्या साफसफाईलाच निघतो. दुसरा निर्जळीवाला: बॅटरी शून्यावर आल्याशिवाय हा पिन लावत नाही. हे पथ्य जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचे. लिथियमला ते बाधते. तिसरा कोनवाला: याची पिन सैल असते. चार्जरखाली पेपराची घडी, वायरीवर डिक्शनरी, असा कोन एकदा जुळला की त्या खोलीत झाडू मारायलाही बंदी असते. तिघांनाही उन्हाळ्यात लॅपटॉप गोधडीवर ठेवायची सवय असते. त्याने हवेची भोके बुजतात आणि पंखा घरघरू लागतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ मध्ये वेगळाच प्रयोग सुरू झाला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. हेतू मुलांच्या अभ्यासाचा. पण बंद लॅपटॉप वीसवरून ऐंशीवर न्यायला दीड तास बहुधा पुरतो, आणि मध्येच कोणी तो मांडीवर ओढत नाही. बॅटरीच्या दृष्टीने हे आदर्श गाव.

महिना-दोन महिने लॅपटॉप वापरायचा नसेल, तर निम्मा चार्ज ठेवून तो थंड जागी ठेवावा. टचपॅड वर आला किंवा झाकण बसेना, तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला तर लावूच नये. लॅपटॉप बंद करून सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. ‘चालतंय की’ हे तत्त्वज्ञान या भागात सर्वत्र लागू आहे, एवढी एक बाब सोडून.