इंटरनेट एक्सप्लोरर सहा यांस जीवनगौरव देण्याबाबत

प्रति,
श्री. इंटरनेट एक्सप्लोरर सहा,
मुक्काम विंडोज एक्सपी.

विषय : जीवनगौरव पुरस्कार स्वीकारण्याची विनंती.

महोदय,

सा. न. वि. वि. आम्ही वेबसाइटी बांधून पोट भरणारी मंडळी. यंदाच्या जीवनगौरवासाठी आमच्या समितीने आपली निवड केली आहे. समिती म्हणजे आम्हीच, तेव्हा निवड बिनविरोध झाली असे म्हणायला हरकत नाही. एक विरोध झाला होता, त्याचे पुढे सांगतो.

आपण ऑगस्ट २००१ मध्ये आलात. सातवे चिरंजीव यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. मधल्या पाच वर्षांत पानाची मांडणी सुधारावी असे आपल्या कंपनीला वाटलेच नाही, कारण वापरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक आपल्याच घराण्याच्या पदरी होते. एवढ्या बहुमतात नियम पाळण्याची सक्ती आमच्याकडे माणसांवर होत नाही, मग आपल्यावर कशाला करायची?

आपल्या लीला आम्हाला तोंडपाठ आहेत. डावीकडे फ्लोट केलेल्या खोक्याला डाव्या बाजूने १० पिक्सेलचे मार्जिन सांगितले की आपण उदार मनाने २० देत असा. उजवा रकाना त्या धक्क्याने खाली उतरायचा आणि सकाळी सकाळी ग्राहकाचा फोन यायचा : ‘साइट हललीय.’ त्यावर तोडगा म्हणून त्या खोक्याला ‘डिस्प्ले : इनलाइन’ म्हणायचे, ज्याचा मार्जिनशी काडीचा संबंध नाही. कधी परिच्छेदच्या परिच्छेद गायब व्हायचा आणि पान वर-खाली सरकवले की परत यायचा. तिथे ‘झूम : १’ असे लिहायचे. म्हणजे आहे तेवढेच ठेव, काहीही करू नकोस. अंगारा लावल्यासारखा गुण यायचा. का, हे विचारायचे नाही.

पण ज्या कामगिरीसाठी समितीने उभे राहून टाळ्या वाजवल्या, ती खोक्याच्या मापाची. ३०० पिक्सेल रुंदीचे खोके घ्या. आत दोन्हीकडे २० पॅडिंग, बाहेर दोन्हीकडे ५ बॉर्डर. मानक सांगते की ३०० ही फक्त मजकुराची रुंदी, बाकीचे वरून धरा, म्हणजे एकूण ३५०. आपले साडेपाचपर्यंतचे वाडवडील म्हणत, ३०० म्हणजे ३००, पॅडिंग आणि बॉर्डर त्यातच बसवा. आपण दोन्ही डगरींवर हात ठेवलात. पानाच्या डोक्यावर डॉकटाइप नीट असेल तर मानकाप्रमाणे, नसेल तर वाडवडिलांप्रमाणे. त्या डॉकटाइपच्या आधी एक्सएमएलची एक निरुपद्रवी ओळ आली तरी आपण थेट पूर्वजांच्या काळात जात असा. आम्ही वर्षानुवर्षे आपल्या घराण्याला शिव्या घालून हॅक लिहिले. आणि मग काय झाले? बूटस्ट्रॅपने २०१३ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत सगळ्या खोक्यांना ‘बॉर्डर-बॉक्स’ लावला, म्हणजे ३०० म्हणजे ३००. आज बहुतेक स्टाइलशीट त्याच ओळीने सुरू होतात. वाडवडिलांचे गणित माणसाच्या डोक्याला पटणारे होते. फक्त ते इतर कुणाला न विचारता केलेले होते. शिव्या परत घेण्याचा ठराव समितीपुढे आला होता, तो पुढील बैठकीपर्यंत तहकूब आहे.

मराठीवरही आपल्या घराण्याचे उपकार आहेत. युनिकोड रुळण्यापूर्वी जो तो आपापला फाँट घेऊन बसला होता. आपल्याकडे चौथ्या पिढीपासून, म्हणजे १९९७ पासून, फाँट पानाबरोबरच उतरायचा. त्यामुळे न्यू जर्सीतल्या वाचकाला वेगळे काही न बसवता गावाकडची बातमी वाचता येई. शेजारच्या नेटस्केपवाल्यासाठी साइटवाल्याने निराळी फाँट-फाइल ठेवली नसेल, तर त्याला अग्रलेखाच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे दिसत. काही अग्रलेखांचे त्यात फारसे नुकसान झाले नाही. पुढे युनिकोड आले, तर एक्सपीवर देवनागरीसाठी कंट्रोल पॅनेलमध्ये खूण करून विंडोजची सीडी घालावी लागे. मूळ सीडी ज्यांच्याकडे होती ते मराठी वाचू लागले. उरलेला महाराष्ट्र चौकोन वाचत राहिला. ल आणि श मराठी वळणाचे दिसणार की हिंदी, हे आजही फाँट आणि ब्राउझर आपसात ठरवतात.

आता तो विरोध. समितीतल्या एका तरुण सदस्याचे म्हणणे, पुरस्कार क्रोमला द्या. मुद्दा बिनतोड होता. पूर्वी सरकारी साइटवर ‘१०२४ बाय ७६८ आणि इंटरनेट एक्सप्लोरर’ अशी पाटी असायची, आता ‘क्रोममध्येच उघडा’ असते. आमची तरुण मुले क्रोममध्ये पान पाहतात, ‘माझ्याकडे तर नीट दिसतंय’ म्हणतात आणि घरी जातात. आयफोनवर पूर्ण उंचीचे पान केले की खालचे बटण पत्त्याच्या पट्टीमुळे पडद्याबाहेर जाते, हे त्यांना ग्राहकाकडून कळते. आपल्याच घराण्यातला एज २०२० मध्ये क्रोमियमकडे घरजावई म्हणून गेला. ओळखीचा प्रकारही तोच. आपण सर्व्हरला नाव ‘मोझिला’ सांगत असा, कारण एके काळी चांगले पान नेटस्केपलाच मिळे. क्रोम एका दमात मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको आणि सफारी एवढी नावे घेतो, मध्ये कुठेतरी स्वतःचेही. पेशव्यांना भाऊसाहेबांच्या एका तोतयाने घाम फोडला होता. इथे दरबारात खरा कुणीच उरलेला नाही. तरीही विरोध फेटाळला गेला. दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती काढणाऱ्याला जीवनगौरव कसा देणार? त्याला आधी पाच वर्षे स्वस्थ बसून दाखवू दे.

राहिला प्रश्न पुरस्कार पाठवायचा कुठे. मार्च २०१० मध्ये डेन्व्हरला एका डिझाइन कंपनीने आपली अंत्ययात्रा काढली आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने फुले पाठवली. आपले धाकटे अकरावे १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाले. दक्षिण कोरियात बँका आणि सरकारी कचेऱ्या ॲक्टिव्हएक्सपायी आपल्या घराण्याला सोडत नव्हत्या; तिथे ग्योंगजूला एका इंजिनिअरने थडगे बांधून त्यावर कोरले की दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हे छान होते. एवढे होऊनही एजच्या पोटात आयई मोड म्हणून घराण्याची धुगधुगी आहे आणि ती निदान २०२९ पर्यंत राखू, असा कंपनीचा शब्द आहे. तेव्हा तिथेच पाठवतो.

आपले,
दोनदा मार्जिन मोजलेले

ता. क. : मानपत्र सोबत जोडले आहे. पीएनजी आहे, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली आहे. आपल्याला ती करडी दिसेल. नाराज होऊ नये, इतरांकडे नीट दिसते आहे.