कलम ३१८ आणि डॉक्टर वॉटसन

डोंबिवलीतल्या एका टू-रूम-किचनमध्ये गेल्या मे महिन्यात एक खटला उभा राहिला. फिर्यादी, नववी पास झालेली कन्या, वय वर्षं चौदा. आरोपी, शेरलॉक होम्स, राहणार २२१ बी, बेकर स्ट्रीट, लंडन. गुन्ह्याची तारीख ४ मे १८९१. फिर्याद नोंदवायला सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं उशीर झाला हे खरं, पण फिर्यादीला तो गुन्हा आदल्या रात्रीच कळला होता.

पुस्तक बापानं आणलं होतं. दहावीचा क्लास सुरू व्हायला पंधरा दिवस होते आणि तेवढे दिवस तरी पोरीच्या हातातून मोबाइल सुटावा, एवढीच त्याची माफक इच्छा. ती पुरी झाली. शिवाय त्या पंधरवड्यात घर कसं शांत होतं! संध्याकाळी पाचच्या ठोक्याला वाजणारी दारावरची बेल वाजत नव्हती, त्यामुळे रविवारची झोपही पूर्ण होत होती. वाचनाचे फायदे, असं म्हणून बाप कूस बदलत होता.

पहिले चार दिवस कन्येनं घरावरच होम्स चालवून बघितला. बाप ऑफिसातून आला की दारातच झडती.

"बाबा, तू आज स्टेशनवर वडापाव खाल्लास. दोन."

"छे, छे. डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"उजव्या बाहीला लाल सुकी चटणी आहे. एक खाल्ला असतास तर उभ्या उभ्या संपला असता. तू बाकावर बसून खाल्लास, मागे चुन्याचा पांढरा पट्टा उठलाय."

बाकी सगळं बरोबर होतं. वडापाव तीन होते. बापानं ते सांगितलं नाही.

खुनांबद्दल तिला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. गळा दाबलेले, विष घातलेले, साप सोडून मारलेले असे सगळे प्रकार ती चुरमुरे खात वाचत होती. "आई, इथं बंद खोलीत माणूस मेलाय, भारी आहे. शेव संपली का?" आजीनं हे ऐकलं असतं तर मीठमोहऱ्या घेऊन दृष्टच काढली असती. पण रहस्यकथेतलं प्रेत म्हणजे लग्नाच्या पत्रिकेसारखं असतं. ते आल्याशिवाय पुढचा समारंभ नाही, आणि समारंभ सुरू झाल्यावर पत्रिका कुठं गेली याची कोणी चौकशी करत नाही.

आणि मग रायशेनबाखचा धबधबा आला.

स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगेन गावाजवळच्या त्या कड्यावर होम्स आणि प्रोफेसर मोरिआर्टी एकमेकांना भिडतात आणि दोघंही खाली गेले असं वॉटसनला वाटतं. मागे उरते होम्सची काठी आणि सिगारेटच्या डबीखाली ठेवलेली चिठ्ठी. रात्री साडेअकराला आतल्या खोलीतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. बाप उठून गेला तर दिवा चालू, पांघरूण डोक्यावर.

"रडतेस?"

"सर्दी झालीय."

मे महिना, डोंबिवली, बाहेर अंगाचं पाणी होतंय आणि आत सर्दी. बापानं ओळखलं. धीर द्यावा म्हणून तो पलंगाच्या कडेला बसला आणि माहिती सांगू लागला, कारण बाप लोकांना धीर देण्याची दुसरी पद्धत ठाऊक नसते. आर्थर कॉनन डॉयलला होम्सचा कंटाळा आला होता, त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. म्हणून १८९३च्या डिसेंबरात स्ट्रँड मासिकात त्यानं होम्सला संपवलं. त्यावर वीस हजारांच्या वर वर्गणीदारांनी अंक बंद केला असं सांगतात. एका बाईनं तर त्याला पत्रात सरळ 'राक्षसा' म्हणावं तसं संबोधलं होतं. लंडनमधले तरुण दंडाला काळ्या फिती लावून ऑफिसात गेले, असंही म्हणतात.

"म्हणतात म्हणजे? पुरावा काय?" पांघरुणातून प्रश्न आला.

फितींना त्या काळातला धड पुरावा नाही, हे बापाला कबूल करावं लागलं. शेवटचा उपाय म्हणून तो म्हणाला, "अगं, एवढं काय? तो येतो परत. पुढच्या भागात आहे."

पांघरूण खाली आलं. डोळे लाल, पण दुःख नाहीसं झालेलं. त्या काळच्या वाचकांना या वाक्यासाठी १९०३पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं थांबावं लागलं होतं. मध्ये एकदा 'बास्करव्हिल'चा कुत्रा भुंकून गेला, पण ती गोष्ट होम्सच्या मरणाआधीची. कन्येला मात्र हे वाक्य सव्वा मिनिटात मिळालं. तिनं लगेच पुढचा भाग काढला. बाप समाधानानं झोपायला गेला आणि पहाटे दीड वाजता, 'सिरियसली?' या आरोळीनं उठून बसला.

सकाळी चहाच्या टेबलावर दोनशे पानी वही होती. वरती 'आरोप' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या.

आरोप पहिला. वॉटसन कड्यावर उभा राहून हाका मारत होता तेव्हा होम्स वरच्या कपारीत पडून त्याच्याकडे बघत होता. बघत होता! आणि गप्प राहिला.

आरोप दुसरा. तो तीन वर्षं गायब. त्यातली दोन तिबेटात. सिगर्सन नावाचा नॉर्वेजियन प्रवासी बनून त्यानं जी मुशाफिरी केली, तिची वर्णनं छापून येत होती. वर वॉटसनला म्हणतो, तू वाचलीही असशील. "म्हणजे हा स्टोरी टाकत होता, फक्त फेक अकाउंटवरून."

आरोप तिसरा. वॉटसनला पत्र लिहावं म्हणून या तीन वर्षांत अनेकदा पेन हातात घेतलं होतं म्हणे. "हे म्हणजे नुसतं 'टायपिंग' दिसतं, मेसेज येतच नाही, तसलं झालं. त्यापेक्षा ऑफलाइन राहा ना!"

आरोप चौथ्याच्या खाली लाल पेनानं तीन रेघा होत्या. भाऊ मायक्रॉफ्टला सगळं माहीत होतं. होम्सला पैसे लागत होते, म्हणून भावाला सांगितलं. "पैसे पाहिजेत म्हटल्यावर सांगता येतं. मित्र रडतोय म्हटल्यावर येत नाही."

बापानं आरोपीचं वकीलपत्र घेतलं. मोरिआर्टीची माणसं मोकाट होती, कर्नल मोरान तर वरून दगड ढकलत होता. वॉटसन पडला साधा माणूस, त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं.

"म्हणजे तो चांगला आहे म्हणून त्याला सांगायचं नाही?"

बापानं चहा संपवला.

मग परत येताना तरी होम्सनं कसं यावं? म्हाताऱ्या पुस्तकविक्याचं सोंग घेऊन वॉटसनच्या दवाखान्यात शिरला आणि त्याची पाठ वळताच सोंग उतरवलं. वॉटसन चक्क बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर त्यानं काय करावं? रागवावं, दार दाखवावं, निदान दोन दिवस अबोला धरावा. तो आनंदानं होम्सचा दंड चाचपून बघतो आणि त्याच रात्री पिस्तूल खिशात घालून त्याच्याबरोबर निघतो. कन्येचा खरा संताप इथं होता.

"पण त्या गोष्टीत खून कुणाचा झालाय?" बापानं परीक्षकासारखं विचारलं.

"कुणाचा तरी. पत्ते खेळणाऱ्याचा." रोनाल्ड अडेअर बिचारा फुकट मेला.

एवढ्यात आबांनी पेपर खाली ठेवला. त्यांचं बालपण बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेलं, आणि हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसापुढं कॉनन डॉयलच्या छप्पन्न कथा आणि चार कादंबऱ्या म्हणजे त्यांना जेवणाआधीची चटणी वाटते. "आमच्या धनंजयनं छोटूला असं कधी टांगून ठेवलं नसतं," ते म्हणाले. "हा तुझा होम्स चारसोबीस आहे."

"आबा, ४२० आता नाही. ३१८."

"काय ३१८?"

कलम. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणूक ४२०वरून ३१८वर गेली आणि खून ३०२वरून १०३वर. आबांना हा वैयक्तिक धक्का होता. "मग आता लबाड माणसाला तीनशे अठरावाला म्हणायचं? कुणाला राग तरी येईल का?"

वकील मावशीला फोन लागला. तिनं हसत हसत व्याख्या सांगितली. फसवून एखाद्याकडून काही करवून घेतलं, किंवा करू दिलं नाही, आणि त्यातून त्याच्या शरीराचं, मनाचं, लौकिकाचं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर ती फसवणूक. "मनाचं पण?" कन्येनं दोनदा विचारून घेतलं. साध्या फसवणुकीला शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

"बरोब्बर तीन वर्षं!" वहीत नोंद झाली.

मग साक्षीदार तपासले गेले. फास्टर फेणे निर्दोष, त्याच्या भानगडीत मित्र सुभाष देसाई असतोच. त्याच्यावरच्या २०१७च्या चित्रपटाला तर तिनं विशेष गुण दिले. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी भेटलेला मुलगा मरतो, आणि तेवढ्या ओळखीवर बन्या फेणे जिवावर उदार होऊन छडा लावतो. "एका दिवसाची ओळख, बाबा. आणि वॉटसनबरोबर हा एका घरात राहिला होता." सत्यजित रायांचा फेलूदा तोपशेला बरोबर नेतो, तोही सुटला. पॉयरोचं प्रकरण अवघड होतं. तो 'कर्टन'मध्ये मरतो. न्यूयॉर्क टाइम्सनं ६ ऑगस्ट १९७५ला त्याची मृत्युवार्ता पहिल्या पानावर छापली होती. मित्र हेस्टिंग्जला त्यानंही अंधारात ठेवलं, पण चार महिन्यांनी सगळा खुलासा लेखी पोचवला. मेलेल्या माणसाला जे जमलं ते जिवंत होम्सला जमू नये, हा मुद्दा सरकार पक्षानं ठासून मांडला.

त्या रात्री भांडी विसळताना बाप बायकोला म्हणाला, "पुस्तकं जरा जास्तच मनाला लावून घेते ही."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला खरंच कळलं नाही? बी विंगमधली गेली ना नागपूरला. वडिलांची बदली झाली. बालवाडीपासूनची मैत्रीण, पण हिला सांगितलं सगळ्यांत शेवटी. क्लासच्या ग्रुपवर आधी कळलं, वॉचमनला माहीत होतं, इस्त्रीवाल्याला माहीत होतं. टेम्पो आला तेव्हा हिनं गॅलरीतून बघितलं."

बाप ओला पेला हातात धरून उभा राहिला. 'सिल्व्हर ब्लेझ' या १८९२च्या कथेत होम्सला सगळा उलगडा होतो तो रात्री न भुंकलेल्या कुत्र्यावरून. इथं पंधरा दिवस पाचची बेल वाजली नव्हती, आणि घरातला डिटेक्टिव्ह घोरत होता.

खटल्याचा निकाल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. बाहेर पहिला पाऊस, आत वीज गेलेली, आणि कन्या अंधारात मोबाइलकडे टक लावून बसलेली. पडद्यावर 'टायपिंग' यायचं आणि जायचं. आलं, गेलं. चौथ्यांदा आलं आणि मेसेज पडला. लांबलचक होता. तुला सांगितलं की रडू येईल म्हणून सांगितलंच नाही, आणि मग सांगायला उशीर झाला म्हणून आणखी उशीर झाला, असा काहीसा त्याचा मजकूर. तो तिनं आईला दाखवला, बापाला नाही.

ती बेशुद्ध वगैरे पडली नाही. चांगली वीस मिनिटं तिनंही 'टायपिंग' ठेवलं. मग एकच ओळ गेली. कलम ३१८, कैद माफ, दंड एक किलो संत्रा बर्फी.

दंडाचा डबा आठ दिवसांनी कुरियरनं आला. संध्याकाळी कन्या क्लासहून परतली, तिनं डबा उघडला, वड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाली, "बाबा, जरा उजवी बाही दाखव."