मार्च-एप्रिलमधील दुपारच्या वाऱ्यास अनावृत पत्र

प्रति,
दुपारचा वारा,
मुक्काम जिंतूरचा डोंगरपट्टा, जिल्हा परभणी.

विषय : वणव्याची संपूर्ण जबाबदारी स्वीकारण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, जिंतूर तालुक्यातील डोंगरउतारांवर आणि गंगाखेडकडील बालाघाटाच्या माळांवर उन्हाळ्यात जे गवत जळते, ते कोणी पेटविले हे सहसा निष्पन्न होत नसल्यामुळे आणि गवतास जबाब देता येत नसल्यामुळे संशयितांच्या यादीत अखेर वारा एकटाच उरतो. त्याने हरकत न घेता दोष पत्करावा, अशी नम्र विनंती आहे.

वाऱ्याविरुद्धचा पुरावा भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. कुसळी, पवना यांसारखी माळावरची गवते पावसाळा सरल्यावर बी धरून पिवळी पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्यात स्वतःचा ओलावा जवळजवळ उरत नाही. त्यानंतर त्यांचा कोरडेपणा ठरतो तो हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते तिच्यापैकी किती टक्के वाफ तिच्यात प्रत्यक्ष आहे, यावर. ओंडका सुकायला आठवडे लागतात, पण गवताची बारीक काडी हवेचा कोरडेपणा साधारण तासाभरात शोषून घेते, आणि म्हणूनच पहाटे मऊ वाटणारा माळ दुपारी पेट घेण्याजोगा होतो. अशा वेळी वारा उरलासुरला ओलावा पळवतो, आगीला प्राणवायू पुरवतो आणि ज्वाळा पुढच्या गवतावर वाकवून ते पेटण्याआधीच तापवून ठेवतो. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो, असाही अग्निशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे; परंतु डोंगरास पत्र पाठविण्याची तरतूद तूर्त नाही.

शेताचा धुरा, म्हणजे बांध, साफ करण्यासाठी पेटविलेली आग माळावर गेली, तर तीही वाऱ्याच्याच नावावर लिहावी. जाळल्याने नवे गवत चांगले फुटते, या समजुतीने लावलेल्या आगीचेही तसेच करावे. मात्र या समजुतीचा लाभार्थी निराळा आहे, हे वाऱ्याने मनात ठेवावे. कुसळीच्या बियाला पीळदार कुसळ असते, ते ओल लागली की उलगडते, सुकले की पुन्हा पिळवटते, आणि या हालचालीने बी जमिनीत शिरून आगीपासून बचावते. त्यामुळे वारंवार जाळलेल्या माळावर कुसळीचे फावते, आणि तीच कुसळे पुढे मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत रुततात.

कायद्याचीही अडचण वाऱ्यास समजावून सांगणे आवश्यक आहे. राखीव वनात आग लावणे हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 नुसार गुन्हा आहे, पण परभणीची गणना राज्यातील अत्यल्प वन असलेल्या जिल्ह्यांत होते आणि येथील गवताचा मोठा वाटा गायरानांवर व पडीक जमिनींवर, म्हणजे वनखात्याच्या हद्दीबाहेर आहे. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाद्वारे 375 मीटरच्या चौकटीत आग टिपू शकते. वनाच्छादन मोजताना मात्र झाडांच्या छत्राची घनता किमान 10 टक्के असावी लागते, ही अट गवतास जन्मात पूर्ण करता येणार नाही. सबब जमिनीवर घरटी करणारे चंडोल आणि तित्तिर ज्यात होरपळतात, ते पडीक जमिनीवरचे काडीकचरा ज्वलन ठरते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यात तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग हे तिन्ही आकडे असतात, म्हणजे वणव्याचा धोका सांगण्यास लागणारी बरीचशी सामग्री गावापर्यंत पोहोचलेली असते. ती एकत्र वाचून त्या दुपारी धुरा पेटवू नये, असे ठरविणे तेवढे बाकी आहे. शिवाय जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच काढून वा जाळून मोकळा केलेला पट्टा, वारे सुटण्यापूर्वी तयार करावा लागतो. यंदा हे काम लांबल्यास वाऱ्याने आपले वाहणे पंधरवडाभर पुढे ढकलावे, आणि तशी लेखी हमी या कार्यालयास सात दिवसांत सादर करावी.