गणित सोडवू नकोस, पर्याय उडव

नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत अंकगणिताचे प्रश्न 20, गुण 25. शिकवणीतला पहिला धडा: गणित सोडवत बसायचं नाही! 347 × 26 किती? गुणाकार करतो तो बावळट. सात सक बेचाळीस, म्हणजे शेवटी 2 हवाच. 9020 आणि 9024 जागीच बाद. उरले 9022 आणि 9032. आता अंकांची बेरीज करत एका अंकावर या. 347 चे 5, 26 चे 8, पाच आठे चाळीस, म्हणजे 4. बेरीज 4 येते ती 9022 ची. झालं! (एवढ्यात सरळ गुणाकारही झाला असता, पण त्याची फी कोण देणार?) हा ताळा नऊच्या भागाकारातल्या बाकीवर चालतो, पण का, असं विचारणारं पोर वर्गाचा वेळ खातं.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून रिकामं काही सोडायचं नाही. डोळे मिटून एखादा गोल काळा करायचा. शाई मात्र गोलाबाहेर जाता कामा नये. त्यासाठी रविवारी वेगळा तास असतो, फीही वेगळी.