तिकीट कायका?

अमेरिकेत लेकीकडे राहून आलेले संभाजीनगरचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर भेटेल त्याला एकच कौतुक सांगत सुटले होते. तिकडे म्हणे एका बैठ्या घरात छोटंसं संग्रहालय होतं. आफ्रिकेतून जगभर पांगलेल्या, खरं तर पकडून पांगवलेल्या, लोकांची कला तिथे मांडलेली. मुखवटे, गोधड्या, चित्रं. "आपल्या गावात असलं काही नाही," असं मास्तर भाच्याला म्हणाले, तेव्हा त्यांची रिक्षा भडकल दरवाजापाशी ट्रॅफिकमध्ये अडकली होती.

हा दरवाजा एका आफ्रिकी माणसाने १६१२ साली, मोगलांना पिटाळल्याच्या आनंदात उभारला. मलिक अंबर त्याचं नाव. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला तेव्हा तो चापू होता. लहानपणीच विकला गेला, बगदादच्या वाऱ्या झाल्या आणि शेवटी निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा पेशवाही हबशीच, आणि तोही पूर्वाश्रमीचा गुलाम! पुढे अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० साली त्याने खडकी गावात राजधानी थाटली. पोराने तिचं फतेहनगर केलं, औरंगजेबाने औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. पाट्या रंगवणाऱ्यांना या गावाने कधी उपाशी ठेवलं नाही.

भाच्याने हे ऐकवल्यावर मास्तरांनी कमानीकडे मान वर करून पाहिलं आणि संग्रहालयाच्या सवयीने विचारलं, "आत जायला तिकीट?"

"चचा," रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "रोज का रस्ता है. तिकीट कायका?"

पण मास्तर ड्रॉइंगचे. त्यांना चौकटीतलं चित्र हवं होतं. अंबरची नाव घेण्याजोगी चित्रं मात्र परदेशात मुक्कामाला आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हाशीम या मोगल चिताऱ्याने काढलेला भारदस्त अंबर आहे. बोस्टनमधल्या चित्रातला गृहस्थ बाप की लेक फतेहखान, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.

सगळ्यात बहारीचं चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. जहांगीर बादशहासाठी अबुल हसनने ते १६१६ च्या सुमारास रंगवलं. अंबरने बादशहाच्या फौजांना दख्खनच्या डोंगरांत इतकं दमवलं होतं की त्याचं नाव निघालं की जहांगीरच्या लेखणीतून शिव्याच बाहेर पडत. तो हाती लागेना, म्हणून बादशहाने हौस कागदावर भागवली. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा, गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. समोर भाल्यावर अंबरचं मुंडकं, वर घुबड, आणि बादशहा धनुष्य ताणून बाण मारतोय. भाच्याने मोबाइलवर ते दाखवलं तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसून, जुन्या सवयीने गुण दिले. रंगकामाला दहापैकी दहा. तोल सांभाळण्याला चार.

ज्याचं मुंडकं भाल्यावर होतं तो त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं मजेत जगला. १६२४ मध्ये त्याने भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकदम धूळ चारली. तेव्हा शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढत होते. १६२६ साली, ऐंशीच्या घरात पोचून, तो आपल्या मरणाने मेला. जहांगीर पुढच्याच वर्षी गेला. ज्या बीटीसाहेबांनी हे चित्र जमवलं, त्यांचा बराचसा पैसा आफ्रिकेतल्या तांब्याच्या खाणींचा. आफ्रिकेचा माणूस दख्खनमध्ये, त्याचं चित्र आयर्लंडमध्ये, आणि खर्च पुन्हा आफ्रिकेच्याच खात्यावर!

रविवारी मास्तर काकूंना घेऊन खुलताबादला गेले. इथली गर्दी भद्रा मारुतीला जाते, उरलेली वेरूळला, आणि येताना दौलताबादची सीताफळं घेते. अंबरच्या घुमटाची वाट विचारली, तर दोघांनी औरंगजेबाच्या कबरीकडे बोट दाखवलं आणि तिसऱ्याने पार्किंगकडे. अखेर सापडला. शेजारी त्याच्या बायकोचा, बीबी करिमाचा, घुमट. मास्तरांनी वही काढून रेखाटन सुरू केलं. काकूंना दगडांत रस नव्हता. "या माणसाने गावासाठी केलं काय?" त्यांनी विचारलं.

मास्तरांना आता हे पाठ झालं होतं. "पाणी आणलं," ते म्हणाले. डोंगराकडच्या झऱ्यांचं पाणी अंबरने जमिनीखालून, नुसत्या उतारावर, ना मोट ना रहाट, गावात खेळवलं. त्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. बेत ऐकून दरबारातला मुल्ला महंमद खो खो हसला होता, असं सांगतात. सव्वा वर्षात काम पुरं झालं. पुढे कित्येक पिढ्या गाव ते पाणी प्यालं.

काकू घरचे ड्रम मोजूनच बाहेर पडल्या होत्या. नळाला पुढचं पाणी कधी, याची तारीख त्यांनी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली होती.

"त्याचं पाणी किती दिवसांआड यायचं?" त्यांनी विचारलं.

"रोज, बहुतेक," मास्तर म्हणाले.

"मग ते मुंडकं-बिंडकं राहू दे, त्याची नहर काढ," काकू म्हणाल्या आणि वहीचं पान उलटून दिलं.